दुखापतीची वही

(कळंबा, ता. करवीर येथील व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



१९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकलं, हे आपल्याकडच्या पोराला शाळेत जायच्या आधीपासून माहीत असतं. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्या प्रवासासाठी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, तेही आपण अभिमानानं सांगतो. १९४८ला लंडनमध्ये सहावा क्रमांक, चार वर्षांनी पदक. मग १९५६ला मेलबर्नमध्ये काय झालं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. खाशाबा मेलबर्नला गेलेच नाहीत. गुडघ्याच्या दुखापतीनं त्यांची ऑलिंपिकची वाट बंद केली. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं ते थेट २०२४ साली, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेला. मधली बहात्तर वर्षं एका गुडघ्यामुळे गेली असं मी म्हणणार नाही. पण त्या गुडघ्याचा विचार आपण पुरेसा केला नाही, एवढं नक्की म्हणेन.

खाशाबांच्या काळात वैद्यकाकडे त्यांना देण्यासारखं फार थोडं होतं. दुर्बिणीतून गुडघ्यातली फाटलेली गादी काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जपानच्या मासाकी वातानाबे यांनी १९६२ साली केली. एमआरआय त्याच्याही कितीतरी वर्षांनंतर आला. तेव्हाच्या डॉक्टरांना बोल लावण्यात अर्थ नाही. आज मात्र कोल्हापुरात एमआरआय आहे, दुर्बिणीनं शस्त्रक्रिया करणारे सर्जन आहेत, फिजिओथेरपी शिकणारी शेकडो मुलं-मुली आहेत. तरीही गुडघा पिरगळलेल्या पोराचा पहिला आठवडा पूर्वीसारखाच जातो. संध्याकाळी कुणीतरी तेल लावून जोरात रगडतं. 'चोळून घे की, काय हुतंय!' तिसऱ्या दिवशी क्रेप बँडेज गुंडाळून पोरगं पुन्हा हौद्यात. हा सल्ला देणाऱ्याच्या मनात माया असते, हे मला ठाऊक आहे. पण ताज्या दुखापतीत आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. पहिले दोन-तीन दिवस रगडलं की रक्तस्राव वाढतो, सूज वाढते आणि आठ दिवसांचं दुखणं महिन्यावर जातं. त्यातून लिगामेंट फाटलं असेल आणि पोरगं तसंच लढलं, तर सैल झालेल्या गुडघ्यात गादीही चिरडते. पहिली दुखापत अपघातानं झालेली असते, दुसरी आपल्या घाईनं.

हेलसिंकीच्या हकिकतीत आणखी एक तपशील आहे. खाशाबांची जपानच्या शोहाची इशी यांच्याशी लांबलेली लढत झाली आणि त्यांना लगेच सोव्हिएत मल्लाविरुद्ध उतरावं लागलं, असं सांगितलं जातं. दोन लढतींच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळण्याचा नियम होता. तो बजावून सांगायला भारताचा कुणी अधिकारी तिथं हजर नव्हता. माझ्या दृष्टीनं क्रीडावैद्यकाचा पहिला धडा तिथेच आहे. खेळाडूच्या शरीराच्या बाजूनं बोलणारा एक माणूस मैदानाच्या कडेला उभा हवा. तो डॉक्टरच असला पाहिजे असं नाही. पण खेळाडू स्वतः थांबणार नाही हे त्याला कळत असलं पाहिजे, आणि थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे असला पाहिजे.

राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं, तेव्हा रोमचं कलोसियम पाहिल्याची आठवण त्यांच्या मनात होती असं म्हणतात. त्या रोमन काळात रिंगणात लढणाऱ्यांसाठी वैद्य नेमलेले असत. इसवी सन १५७ मध्ये पर्गामममध्ये गॅलेन नावाचा तरुण वैद्य ग्लॅडिएटरांच्या उपचारासाठी नेमला गेला. आपल्या काळात मृत्यू कमी झाले असं त्यानं स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढं दीड हजार वर्षं युरोपातलं वैद्यक त्याच्या ग्रंथांवर चाललं. आपल्या गावोगावच्या मैदानांत आज नगारा असतो, हलगी असते, पंच असतात, इनामाचा हिशेब ठेवणारे असतात. वैद्यकीय मदतीची खुर्ची बहुतेक ठिकाणी नसते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आपण दुखापत दोन तऱ्हांनी पाहतो. एक, नशीब: 'व्हायचं हुतं ते झालं.' दुसरी, मर्दानगी: मोडलेले कान, वाकडी बोटं, बांधलेला गुडघा ही पैलवानकीची निशाणी. दोन्ही समजुती एकाच ठिकाणी नेतात. दुखापत टाळण्याचा विचारच करायचा नाही. पण दुखापतींना ठरावीक वळणं असतात. त्या ठरावीक वयात, ठरावीक डावात, दिवसाच्या ठरावीक वेळी, ठरावीक अवयवाला होतात. वळण सापडलं की ते बदलता येतं. हे वळण शोधण्याच्या शास्त्राला मी आज संशोधन म्हणतो आहे, आणि ते प्रयोगशाळेत सुरू होत नाही. ते वहीत सुरू होतं.

याचं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकन फुटबॉलचं आहे. तो खेळ आपल्याला परका, पण ही गोष्ट आपल्या कुस्तीच्या फार जवळची आहे. साठ-सत्तरच्या दशकात तिथं शाळा-कॉलेजातली मुलं मानेला मार बसून कायमची लुळी होत होती. आधी सगळ्यांचा संशय हेल्मेटवर. फिलाडेल्फियाच्या डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी १९७५ साली देशभरातल्या डोकं आणि मानेच्या गंभीर दुखापतींची एक नोंदवही उघडली. प्रत्येक मुलगा कसा पडला, त्या क्षणी डोकं कुठं होतं, धडक कशी बसली, याची माहिती आणि जमतील तिथं चित्रफिती गोळा केल्या. नोंदी एकत्र ठेवल्यावर उत्तर समोर आलं. हेल्मेटमुळे डोकं सुरक्षित वाटू लागलं होतं आणि मुलं डोकं खाली घालून टाळूनं धडक देत होती. मान किंचित पुढं झुकली की मणक्यांचा नैसर्गिक बाक जातो, मान सरळ खांबासारखी होते आणि टाळूवर आलेला सगळा भार मणक्यांवर उभा उतरतो. १९७६ साली टाळूनं धडक देण्यावर बंदी आली. त्या हंगामात ३४ खेळाडू कायमचे लुळे झाले होते. १९८४च्या हंगामात ही संख्या ५ वर आली. कुठली नवी शस्त्रक्रिया त्यासाठी लागली नाही. एक नोंदवही आणि एक नियम पुरला.

माझ्या समोर बसलेल्या वस्तादांना मी विचारतो, टाळूवर उभा भार येणं कुस्तीत कधी होतं? तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. समोरचा उचलून टाकतो, खालच्याचे हात अडकलेले असतात, डोकं आधी मातीला लागतं आणि वरून दोघांचं वजन येतं. २०१८ साली आपल्याच पन्हाळा तालुक्यातल्या एका मैदानात एक तरुण मल्ल मानेच्या दुखापतीनं गेला. त्या वेळी सगळा जिल्हा हळहळला. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, मदत गोळा झाली. पण कुठल्या स्थितीत मान सापडते, कुठं पंचांनी शिट्टी वाजवायला हवी, नवशिक्याला मान वाचवून पडायला आधी शिकवायचं की डाव आधी, याची लेखी चर्चा किती तालमींत झाली? हळहळ चार दिवसांनी ओसरते. लिहून ठेवलेलं पुढच्या पोराच्या कामी येतं.

मानेबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो आणि ती सगळ्यांनी घरी नेलीच पाहिजे. मैदानात मल्ल पडला आणि हात-पाय हलत नाहीत म्हणाला, मुंग्या येतात म्हणाला, किंवा मानेत कळ येते म्हणाला, तर त्याला उचलायचं नाही. आपल्याकडे चौघं धावतात, दोघं हात धरतात, दोघं पाय, आणि मान लोंबकळत बाहेर काढतात. मणका मोडला असेल पण मज्जारज्जू शाबूत असेल, तर तो त्या उचलण्यात जातो. एकानं डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोकं आणि मान जशी आहे तशी स्थिर धरायची. बाकीच्यांनी गर्दी हटवायची. १०८ला फोन करायचा. हलवायचंच असेल तर डोकं धरणाऱ्याच्या आज्ञेनं, सगळं शरीर एकदम, ओंडक्यासारखं वळवून कडक फळीवर. अशी फळी कोल्हापुरातल्या कुठल्याही चांगल्या सुताराकडून करून घेता येते. गदा जिंकणाऱ्याच्या मिरवणुकीवर जो खर्च होतो, त्याच्या छोट्याशा भागात तालुक्यातल्या सगळ्या मैदानांना फळ्या पुरतील.

मान वाचवण्याचं दुसरं साधन आपल्याकडे आधीच आहे. तालमीत पूल घालून मान घोटण्याचा व्यायाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. मानेचे स्नायू बळकट असले की झटका कमी बसतो. त्यात एकच दुरुस्ती मला सुचवायची आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्याच महिन्यात पूर्ण वजनाचा पूल देऊ नका. आधी हातानं अडवून चारही दिशांना जोर, मग हातांच्या आधारानं अर्धा पूल, आणि तो सोसला की पुढचं.

कानाचं थोडक्यात सांगतो. कान मोडतो तेव्हा कूर्चेवरच्या आवरणाखाली रक्त साचतं, कूर्चेचं पोषण तुटतं आणि ती वाकडी, जाड होऊन बसते. पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टरकडून रक्त काढून दाबपट्टी बांधली तर कान वाचतो. त्यात कमीपणा काही नाही. नायटा, गजकर्ण आणि गळवं ही तालमीतली दुसरी दुर्लक्षित दुखणी. अंगावर उठलेलं असताना लढू नये, टॉवेल वेगळा ठेवावा, लढत संपल्यावर लगेच आंघोळ करावी. एवढ्यानं निम्मा त्रास जातो.

वजन उतरवण्याबद्दल मात्र मला सावकाश बोलायचं आहे. मातीच्या मैदानात जोड पाहून कुस्ती लावतात. महाराष्ट्र केसरीपासून शालेय स्पर्धांपर्यंत माती असो वा गादी, वजनगट आले. त्यांच्यासोबत दोन दिवसांत चार-पाच किलो उतरवण्याची पद्धत आली. पाणी बंद, जेवण बंद, प्लास्टिकचं जॅकेट घालून उन्हात धावणं. १९९७च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत जेमतेम महिनाभरात तीन कॉलेजचे मल्ल अशा पद्धतीनं वजन उतरवताना मेले. तरुण, धडधाकट, उत्तम खेळाडू. रक्त घट्ट होतं, शरीराची उष्णता वाढते, क्षारांचं गणित बिघडतं आणि हृदय बंद पडतं. तिथल्या संघटनेनं लगोलग रबरी सूट आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी घातली, हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाचं किमान वजन ठरवून दिलं, आणि वजन घेण्याची वेळ कुस्तीच्या जवळ आणली, म्हणजे मधल्या काळात पाणी भरून घेण्याचा मोह उरत नाही. जागतिक कुस्ती संघटनेनंही २०१८पासून स्पर्धेच्या दोन्ही दिवशी सकाळी वजन घ्यायला सुरुवात केली. त्याच नियमाखाली २०२४ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट शंभर ग्रॅमनं अपात्र ठरली आणि देश रडला. तिच्यावर आलेला प्रसंग क्रूर होता. पण नियमामागची भीती खरी आहे. आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला खालच्या गटात बसवण्यासाठी उपाशी ठेवणाऱ्या पालकांना आणि प्रशिक्षकांना मी हात जोडून सांगतो, त्या वयात हाड वाढत असतं. पदकासाठी त्याची वाढ थांबवू नका.

आता फुटबॉल. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ ही नावं घेतली की शाहू स्टेडियम डोळ्यांपुढं येतं. तालमींनी फुटबॉल संघ उभे करावेत आणि पेठच्या पेठ सामन्याला लोटावी, हे कोल्हापूरचं वैभव आहे. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला. पण या संघांचा वॉर्मअप जवळून पाहिला तर दोन फेऱ्या धावणं, मग उभ्या उभ्या पाय ताणणं आणि गोलवर फटके, एवढंच दिसतं. उभ्यानं स्नायू ताणण्याची पारख ऑस्ट्रेलियन सैन्यात झाली. १५३८ जवानांवर केलेला तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. व्यायामाआधी स्नायू ताणणाऱ्यांच्या आणि न ताणणाऱ्यांच्या पायांच्या दुखापतींत लक्षणीय फरक आढळला नाही.

फरक दुसऱ्या गोष्टीनं पडतो. फिफाच्या वैद्यकीय संशोधन केंद्रानं ऑस्लो आणि सांता मोनिकाच्या तज्ज्ञांसोबत पंधरा व्यायामांचा वीस मिनिटांचा एक क्रम बसवला. त्याला 'इलेव्हन प्लस' म्हणतात. आधी आठ मिनिटं हलकं धावणं, त्यात वळणं, उड्या, जोडीदाराच्या खांद्याला खांदा. मग दहा मिनिटं ताकद आणि तोल: कोपरांवर शरीर पेलणं, एका पायावर उभं राहून चेंडू झेलणं, बैठका, उडी मारून मऊ उतरणं. शेवटी दोन मिनिटं जोरात धाव. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या १८९२ मुलींवर एक पूर्ण हंगाम त्याची परीक्षा झाली आणि २००८ साली निकाल छापून आले. हा क्रम करणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी, गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यानं कमी. नियमित करणाऱ्यांना जास्त फायदा, टाळाटाळ करणाऱ्यांना कमी, हेही पुढं दिसलं. यात कुठलं यंत्र लागत नाही. कोल्हापूरच्या पैलवानाला तर यातले निम्मे व्यायाम नव्यानं शिकवावेही लागणार नाहीत.

मुलींवरच परीक्षा झाली, त्यालाही कारण आहे. गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या कितीतरी पट असतं. बहुतेक वेळा कुणी धक्काही दिलेला नसतो. उडीवरून उतरताना किंवा धावता धावता अचानक वळताना गुडघा आत झुकतो आणि 'कट्' असा आवाज येतो. आपल्या शाळांतून कबड्डी, खो-खो, हँडबॉल, फुटबॉल, कुस्ती खेळणाऱ्या मुली वाढताहेत याचा मला अतिशय आनंद आहे. म्हणूनच प्रत्येक पीटी शिक्षकानं मुलीला उडीवरून उतरताना समोरून पाहावं. गुडघे एकमेकांकडे झुकतात का? पाय ताठ ठेवून आपटते का? गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून, वाकून, आवाज न करता उतरायला शिकवलं की हा धोका कमी होतो.

धावपटूंच्या आणि फुटबॉलपटूंच्या मांडीमागच्या स्नायूसाठी असाच एक व्यायाम आहे. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदारानं मागून घोटे घट्ट धरायचे आणि पाठ सरळ ठेवून शक्य तितक्या सावकाश पुढं झुकत जायचं. आठ हजारांहून अधिक खेळाडूंवरच्या अभ्यासांची एकत्र बेरीज केल्यावर दिसलं, की हा व्यायाम कार्यक्रमात असलेल्या संघांत मांडीमागच्या दुखापती निम्म्यावर येतात.

कळंबा तलावाच्या बांधावर आणि गारगोटी रस्त्याला पहाटे धावणाऱ्या मुलामुलींना मी विसरलेलो नाही. तुमच्यातले बरेच जण पोलीस किंवा लष्कराच्या भरतीसाठी धावता. तुमच्यामागे प्रशिक्षक नसतो, फिजिओ नसतो, खुराकाला पैसे नसतात, आणि १६०० मीटरचं घड्याळ दयामाया करत नाही. भरतीची तारीख जाहीर झाली की तुम्ही रोज दोन किलोमीटरवरून एकदम आठ-दहावर जाता. तीन आठवड्यांनी नडगीवर, आतल्या बाजूला दुखायला लागतं. गोळी खाऊन धावता. मग एक दिवस हाडाला तडा जातो आणि ज्या भरतीसाठी सगळं केलं ती हातची जाते. इस्रायलच्या सैन्यात १९८५ साली छापून आलेल्या अभ्यासात २९५ नव्या जवानांपैकी ३१ टक्क्यांना असे तडे गेलेले आढळले. पुढं पाव शतक त्यांनी बूट बदलून पाहिले, आतले तळवे बदलून पाहिले. शेवटी सर्वांत जास्त उपयोग दोन गोष्टींचा झाला. रोज किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि एकूण चालण्याचा भार कमी केला. तडे साठ टक्क्यांहून अधिक घटले. हाड भारानं मजबूत होतं, पण त्याला भरून यायला वेळ द्यावा लागतो. म्हणून अंतर दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. आठवड्यातून एक-दोन दिवस धावू नका. डांबराऐवजी मातीवर धावा. आणि रात्री मोबाइल बाजूला ठेवून झोपा. कॅलिफोर्नियातल्या शाळकरी खेळाडूंच्या एका अभ्यासात आठ तासांहून कमी झोपणाऱ्यांना दुखापतीचा धोका १.७ पट आढळला. दुखणं एका बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर असेल, तिथं दाबलं की कळ येत असेल आणि रात्रीही ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी बंद करून डॉक्टर गाठा.

यात फार मोठा परदेशी शोध आहे असं कुणी समजू नये. व्यायाम शक्तीच्या अर्ध्यापर्यंतच करावा, असं सुश्रुतसंहितेत सांगितलं आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वरानं 'मानसोल्लास' लिहिला. त्यात मल्लांचे प्रकार, त्यांचा आहार आणि मेहनत यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. आणि विसाव्या शतकात बडोद्याला आबासाहेब मुजुमदारांनी मराठीत 'व्यायाम ज्ञानकोश' खंडामागून खंड काढून सिद्ध केला, तो आपल्याच भाषेत आहे. व्यायामाबद्दल पाहणं, मोजणं आणि लिहून ठेवणं ही आपली परंपरा आहे. ती मधेच खंडित झाली.

शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी एक शब्द. एसीएलची शस्त्रक्रिया झाली की घरचे विचारतात, 'कधी खेळणार?' नॉर्वे आणि अमेरिकेच्या संशोधकांनी मिळून २०१६ साली दाखवलं, की पहिल्या नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने पुढं ढकलावं, तितक्या वेळा पुन्हा दुखापतीचा दर जवळजवळ निम्मा होत जातो. मांडीची ताकद दुसऱ्या पायाइतकी झाल्याशिवाय उतरणाऱ्यांना धोका जास्त. मैदानाआधी दुखणं मारायचं इंजेक्शन घेऊन उतरणं हा तर आपल्याच शरीराशी केलेला दगा आहे. आपल्या राही सरनोबतचं उदाहरण घ्या. कोपराच्या दुखापतीनं तिला खेळापासून दूर राहावं लागलं. ती थांबली, परतली, आणि २०१८ला पालेमबांगमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकून आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली.

आता वहीचं. नेदरलँडच्या विलेम व्हॅन मेखेलन यांनी १९९२ साली दुखापती टाळण्याचा क्रम मांडला. आधी किती आणि कुठल्या दुखापती होतात ते मोजा, मग कारण शोधा, मग उपाय करा, आणि पुन्हा मोजून उपाय लागू पडला का ते पाहा. आपण पहिली पायरी गाळून थेट उपायावर उडी मारतो. फुटबॉलची मोजणी जगानं केली, आपण तिचा फायदा घेऊ शकतो. पण लाल मातीतल्या कुस्तीची मोजणी नॉर्वेचे लोक येऊन करणार नाहीत. ताक, तेल, हळद घातलेल्या, रोज खोदून मऊ ठेवलेल्या हौद्यात गुडघा किती वाचतो? बूट घालून गादीवर लढताना पाय चिकटतो, त्यानं किती पिरगळतो? जत्रेच्या मैदानात वरवर पसरलेल्या मातीनं किती मार बसतो? एका आठवड्यात चार मैदानं लढणारा मल्ल जास्त जखमी होतो का? ही उत्तरं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर सोडून जगात दुसरीकडे सापडायची शक्यता कमी आहे.

तालमीत हजेरीची वही असते, भिशीची असते, खुराकाच्या उधारीची असते. दुखापतीची वही एका शंभर पानी वहीत मावेल. ज्या दुखण्यानं मल्ल किमान एक दिवस मेहनतीला किंवा लढतीला मुकला, ती दुखापत लिहायची. नाव नको, तालमीतला क्रमांक पुरे, कारण नावामुळे पोरं लपवतील. तारीख, वय, वजन. माती की गादी. सराव की मैदान. डाव कुठला, वर होता की खाली. अवयव कुठला, डावा की उजवा. जुनंच दुखणं उलटलं का. आणि किती दिवसांनी परत उतरला. लिहिणारा एक कॉलेजात जाणारा मल्ल नेमा. वस्तादांनी फक्त एवढंच करायचं, की दुखतंय असं सांगणाऱ्या पोराला हसायचं नाही आणि हसू द्यायचं नाही. पोरगं लपवायला लागलं की वही खोटी होते.

फुटबॉल संघांनी, भरतीच्या अकादम्यांनी आणि शाळांनी आपापली वही ठेवावी. हंगाम संपला की सगळ्या वह्या फिजिओथेरपीच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांकडे द्याव्यात. त्यांना प्रकल्पासाठी विषय हवे असतात आणि ते परदेशी आकडे उतरवून काढतात. त्यांच्या प्राध्यापकांनाही माझी विनंती आहे, मुलांना आठवड्यातून एक पहाट तालमीत पाठवा. शिवाजी विद्यापीठाच्या शारीरिक शिक्षण विभागानं यात लक्ष घातलं, तर दोन-तीन हंगामांत मातीतल्या कुस्तीबद्दल जगात कुणाकडे नाही अशी माहिती आपल्याकडे असेल. पंचांना नियम बदलायचे असतील, तर त्यांच्या हातात पुरावा असेल.

कळंब्यातल्या तालमींना आणि मंडळांना माझं सांगणं आहे, कुणाच्या अनुदानाची वाट पाहू नका. येत्या हंगामाच्या पहिल्या दिवशी वही उघडा, मैदानासाठी एक फळी करून घ्या आणि डोकं कसं धरायचं ते दहा पोरांना शिकवा. शिकवायला मी येईन, बोलवा.